निळा-हिरवा क्रोमिस

उष्ण कटिबंधातील प्रवाळखडकांवर थव्याने राहणारा लहान सागरी मासा. शास्त्रीय नाव क्रोमिस व्हिरिडिस. क्लाउनफिशप्रमाणे याचाही समावेश पोमॅसेंट्रिडी कुलात होतो. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी 1830 मध्ये या जातीचे वर्णन केले. तांबडा समुद्र व आफ्रिकेचा पूर्व किनारा येथपासून मध्य पॅसिफिकमधील बेटांपर्यंत हा आढळतो. भारतात लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारच्या उथळ पाण्यात दिसतो.

लांबी 8 ते 10 सेंमी.; शेपटी खोल दुभंगलेली. रंग फिकट हिरवा ते आकाशी असून ऊन पडले की खवले चमकतात. क्रोमिस अ‍ॅट्रिपेक्टोरॅलिस ही जाती दिसायला अशीच असते. मात्र तिच्या छातीवरील पराच्या बुडाशी, आतल्या बाजूस काळा डाग असतो.

अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्या फुटलेल्या प्रवाळांभोवती यांचे थवे राहतात. दिवसा प्रवाळाच्या वर तरंगत प्रवाहाबरोबर येणारे प्राणिप्लवक ते टिपतात. मोठा मासा जवळ आला की सगळा थवा क्षणात फांद्यांमध्ये शिरतो; रात्रही तेथेच काढतो. थव्याचा फायदा केवळ संरक्षणापुरता नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, सोबत्यांच्या सान्निध्यात असलेल्या माशांचा किमान चयापचय दर एकट्या माशांपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळला. एकट्या ठेवलेल्या माशांचे वजनही घटले.

विणीच्या काळात नर पिवळसर होतो व त्याचा मागचा भाग काळा पडतो. वाळूवर किंवा प्रवाळाच्या तुकड्यांवर तो जागा तयार करतो आणि तेथे अनेक माद्या अंडी घालतात. राखण एकटा नर करतो. शेपटीने पाणी हलवून अंड्यांना प्राणवायू पुरवतो. दोन-तीन दिवसांत पिले बाहेर पडतात. न उबलेली अंडी नर खाऊन टाकतो.

लक्षद्वीपमध्ये गळाने कुपा पकडताना जिवंत आमिष म्हणून ज्या लहान माशांचा वापर होतो, त्यांत हाही येतो. शोभिवंत सागरी माशांच्या जागतिक व्यापारात याला मोठी मागणी असून विक्रीला येणारे बहुतेक मासे थेट समुद्रातून पकडलेले असतात. पाणी तापून प्रवाळ मेले आणि त्यांच्या फांद्या मोडल्या, की या माशाचा आसरा जातो व त्या खडकावरील त्याची संख्या घटते.