कवीन्द्राचार्यांचे सूचिपत्र

सतराव्या शतकात काशीत कवीन्द्राचार्य सरस्वतींचा विलक्षण ग्रंथसंग्रह होता. हे मूळचे गोदातीरचे, संन्यास घेऊन वाराणसीस राहिलेले. काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर त्यांनी शाहजहानकडून माफ करवून घेतला. त्याबद्दल पंडितांनी केलेली स्तुती ‘कवीन्द्रचन्द्रोदय’ या ग्रंथात आजही वाचावयास मिळते.

संग्रह मात्र फुटला. काही पोथ्या बिकानेरास गेल्या, काही बडोद्यास. मागे उरले सूचिपत्र. ते १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत छापले गेले. त्यात दोन हजारांहून अधिक नोंदी आहेत. यादी आहे, पोथी नाही! सरकारी दप्तरात हयात घालविणाऱ्या माझ्यासारख्यास हे दुःख नवे नाही. तरीही यांतल्या कित्येक पोथ्या ओळखता आल्या, त्या पानावरील ‘सर्वविद्यानिधान कवीन्द्राचार्य सरस्वती’ या मालकीच्या नोंदीमुळे.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक व मॅथ्यू अ‍ॅरेन्स यांनी २००१ साली आरंभिलेल्या ‘झेडएफएस’ या संगणकीय व्यवस्थेत हीच युक्ती आहे. तीत अनेक तबकड्यांचे मिळून एक भांडार होते, आणि त्याची ओळख प्रत्येक तबकडीवर चार ठिकाणी लिहिलेली असते: दोन आरंभी, दोन अखेरीस. तबकड्या दुसऱ्या यंत्रास कोणत्याही क्रमाने जोडाव्यात. ‘झेडपूल इम्पोर्ट’ ही आज्ञा दिली की नोंदी वाचून भांडार पुन्हा उभे राहते. अर्थात पुरेशा तबकड्या हाती असतील तरच. कवीन्द्राचार्यांची नोंद बहुधा पहिल्याच पानावर. आणि पोथीचे आधी झिजते, फाटते, तेही पहिलेच पान.