जॉर्ज ईस्टहॅम आणि इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलपटूचे करारस्वातंत्र्य

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने वेतन घेऊन खेळण्यास १८८५ मध्ये मान्यता दिली व १८८८ मध्ये फुटबॉल लीगची स्थापना झाली. या खेळाच्या इतिहासग्रंथांत सामने, गोल आणि करंडक यांचा हिशेब विपुल सापडतो. परंतु खेळाडू हा एक वेतनभोगी कामगार होता आणि त्याला विशिष्ट अटींवर राबावे लागत होते, या बाजूकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. या दृष्टीने जॉर्ज ईस्टहॅम यांची कारकीर्द विशेष अभ्यसनीय ठरते. खेळाडू म्हणून ते पहिल्या प्रतीचे होते यात शंका नाही. तथापि त्यांचे ऐतिहासिक महत्त्व मैदानापेक्षा न्यायालयात अधिक आहे.

त्या काळच्या व्यवस्थेचे दोन आधारस्तंभ होते. पहिला कमाल वेतनाचा. १९०१ मध्ये आठवड्याला ४ पौंड ही मर्यादा घालण्यात आली. ती हळूहळू वाढत १९५८ मध्ये २० पौंडांवर आली. दुसरा स्तंभ म्हणजे ‘रिटेन अँड ट्रान्स्फर’, अर्थात धारण-हस्तांतर पद्धती. खेळाडूचा करार बहुधा एका वर्षाचा असे. मुदत संपताच क्लब त्याचे नाव धारणयादीत घालू शके. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच हाती राही, आणि नोंदणीवाचून लीगमधील दुसऱ्या कोणत्याही क्लबकडून खेळणे अशक्य होई. खेळाडूने नवा करार नाकारला तर त्याला वेतन मिळत नसे. पण सुटकाही मिळत नसे. नोकरी संपली, बंधन मात्र उरले, असा हा चमत्कारिक प्रकार होता. सामान्यतः चर्चा कमाल वेतनाचीच होते. वस्तुतः खेळाडूला असहाय करणारी अट ही दुसरीच होती, कारण सोडून जाण्याचा मार्ग नसलेल्या माणसाला वेतनाची घासाघीस करता येत नाही.

या पद्धतीला आव्हान मिळाले नव्हते असे नाही. १९१२ मध्ये हर्बर्ट किंगबी यांनी ॲस्टन व्हिला क्लबवर दावा लावला होता. परंतु क्लबने दुष्ट हेतूने वर्तन केले असे प्रतिपादन त्यात करण्यात आल्याने पद्धतीच्या वैधतेचा प्रश्न बाजूलाच राहिला. दावा फसला आणि खर्चाच्या भाराने खेळाडूंची संघटना डबघाईला आली. पुढे १९५० मध्ये स्टोक सिटीचे नील फ्रँकलिन यांनी कोलंबियाची वाट धरली. तो देश त्या वेळी जागतिक संघटनेच्या कक्षेबाहेर असल्याने तेथे इंग्लिश नोंदणीची मातब्बरी नव्हती. काही महिन्यांतच ते परतले. त्यांच्यावर बंदी घालण्यात आली आणि इंग्लंडच्या संघात त्यांना पुन्हा स्थान मिळाले नाही.

ईस्टहॅम यांचा जन्म १९३६ मध्ये ब्लॅकपूल येथे झाला. त्यांचे वडीलही जॉर्जच. तेही इंग्लंडकडून खेळलेले. उत्तर आयर्लंडमधील आर्ड्स क्लबमध्ये पितापुत्र एकाच संघात खेळत. तेथून १९५६ मध्ये न्यूकॅसल युनायटेडने तरुण ईस्टहॅमना घेतले. पुढे क्लबने दिलेले घर, जोडीची नोकरी इत्यादी बाबींवरून मतभेद झाले. १९६० मध्ये करार संपला तेव्हा त्यांनी नव्या करारावर सही करण्याचे नाकारून बदली मागितली. क्लबने ती अमान्य केली. तेव्हा ईस्टहॅम दक्षिणेकडे सरे परगण्यात गेले व एका परिचिताच्या व्यवसायात बुचाच्या मालाची विक्री करू लागले. ऐन उमेदीतील खेळाडूने मैदान सोडून फिरता विक्रेता व्हावे, ही घटना त्या पद्धतीवरील कोणत्याही टीकेपेक्षा बोलकी आहे. अखेर त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ४७,५०० पौंडांस आर्सेनलने त्यांना घेतले.

येथे प्रकरण मिटले असते. परंतु त्याच सुमारास जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने जानेवारी १९६१ मध्ये संपाची नोटीस देऊन कमाल वेतनाची मर्यादा रद्द करवून घेतली. धारण-हस्तांतर पद्धतीत सुधारणा करण्याचे आश्वासनही तेव्हा मिळाले होते. ते मात्र क्लबांनी पाळले नाही. त्यामुळे ईस्टहॅम यांचा दावा चालवणे संघटनेला अगत्याचे वाटले व तिने खर्चाचा भार उचलला. स्वतः ईस्टहॅम यांना हवा तो क्लब मिळाला होता. वैयक्तिक लाभाचा प्रश्न जवळजवळ उरला नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दावा न्यायमूर्ती रिचर्ड विल्बरफोर्स यांच्यापुढे चालला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडलेले विल्यम विल्बरफोर्स हे त्यांचे पूर्वज, आणि स्वतः न्यायमूर्तींचा जन्म पंजाबातील जालंदरचा. फुटबॉलपटू आपल्या कराराला गुलामीचा करार म्हणत, त्यामुळे हा योगायोग अनेकांना भावला. मात्र निकाल भावनेवर नव्हे, तर काटेकोर कायद्यावर आधारलेला आहे. भारतात १८७२ च्या करार अधिनियमाचे २७ वे कलम व्यवसायास प्रतिबंध करणारा करार, अपवाद वगळता, सरळ रद्दबातल ठरवते. इंग्लिश कायद्यात मात्र असा निर्बंध वाजवी आहे काय, एवढेच तपासावे लागते. श्रीमंत क्लब सारे चांगले खेळाडू पळवतील व स्पर्धेतील समतोल ढळेल, हा लीगचा मुख्य बचाव होता. तो न्यायालयास पुरेसा वाटला नाही. ४ जुलै १९६३ रोजी दिलेल्या निकालात ही पद्धती व्यवसायावरील गैरवाजवी निर्बंध होय असे घोषित झाले. ज्या संस्थांशी ईस्टहॅम यांचा प्रत्यक्ष करार नव्हता त्या असोसिएशन व लीग यांच्याविरुद्धही ही घोषणा लागू झाली, हे त्यातील विशेष. नुकसानभरपाई मात्र त्यांना मिळाली नाही.

निकालाचा परिणाम अतिशयोक्तीने सांगितला जातो. हस्तांतराची रक्कम मागण्याचा क्लबांचा हक्क त्याने नष्ट केला नाही. कोंडी करणाऱ्या धारणेवर घाव घातला. १९६४ मध्ये नियम सैल झाले, १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणखी सैल झाले. आणि करार संपलेल्या खेळाडूसाठी रक्कम मागण्यास युरोपीय न्यायालयाने बॉस्मन खटल्यात बंदी घातली ती १९९५ मध्ये. १९६६ मध्ये ईस्टहॅम आर्सेनलहून स्टोक सिटीकडे गेले तेव्हा त्यांच्यासाठीही रक्कम मोजावी लागलीच.

इंग्लंडकडून ते १९ सामने खेळले. १९६६ च्या विश्वविजेत्या चमूत त्यांचे नाव होते, पण स्पर्धेत एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. मार्च १९७२ मध्ये वेम्बली येथे लीग कपच्या अंतिम सामन्यात स्टोकने चेल्सीला २–१ असे हरवले. निर्णायक गोल पस्तिशीतील ईस्टहॅम यांचा होता. पुढे त्यांनी काही काळ स्टोकचे व्यवस्थापन केले, मग दक्षिण आफ्रिकेत वास्तव्य केले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.