दाखल्यावरचे रकाने

माझ्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला मी जपून ठेवला आहे. त्यावर जातीचा रकाना वर आहे. अभ्यासातील प्रगती आणि वर्तणूक हे रकाने खाली. प्रगती 'बरी', वर्तणूक 'चांगली'. कोडोलीतल्या आमच्या वस्तीतले आणखी दाखले मी मागून पाहिले. कुणी दुसरीत शाळा सोडलेली, कुणी सातवीत. शेरे बहुधा हेच. वडील जलशासाठी गाणी रचत, ती त्यांना तोंडपाठ असत. त्याला रकाना नव्हता.

पोराला मोजणारा आधी काय मोजतो, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी निकालावर अनुदान देण्याची पद्धत नाकारली. परीक्षेत जितकी पोरे उतरतील तितके पैसे शाळेला, असा तो व्यवहार. गरीब आणि अज्ञानात ठेवलेल्या लोकांत शिक्षण पसरवायला ही रीत मुळीच योग्य नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मला तर त्यात आणखी एक धोका दिसतो. नापास होईलसे वाटते ते पोर मास्तर पटावर घेईल कशाला? आणि असे कुणाचे पोर वाटते, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको.

आमच्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले; १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला. दार उघडले. आतला शेरा मात्र मास्तरच्याच टाकात राहिला.

मग मार्च १९२७. मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी एक हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोचतात. ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. बाबासाहेबांनी इथे शाळेचाच निकाल लावला. ती ब्याऐंशी मुले मंद होती, असे ते म्हणाले नाहीत. आपल्या अध्यापक विद्यालयांत मूल्यमापन शिकवताना हे भाषण वाचायला दिले पाहिजे.

पुढे बुद्धिमापन आले. बिनेने १९०५ साली पॅरिसमध्ये चाचणी केली ती मागे पडणारी मुले ओळखून त्यांना जादा मदत मिळावी म्हणून. व्ही. व्ही. कामतांनी ती मराठी व कानडी मुलांसाठी बेतली. त्यांचे पुस्तक १९४० चे. शिकलेल्यांच्या तोंडी मात्र बुद्ध्यंक म्हणजे जन्मजात हुशारीचा आकडा होऊन बसला. आधी जात जन्माने, आता अक्कलही जन्माने!

शिक्षणहक्क कायदा २०१० साली लागू झाला आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, वर्णनात्मक नोंदी. विचार चांगला, पण नोंद लिहिणारा हात तोच. तो हात माझाही होता. वारणेकाठी ऊस तोडायला आलेल्या जोडप्याचा मुलगा दिवाळीनंतर माझ्या वर्गात बसू लागला. मी लिहिले : 'गणितात मागे. पालकांचे लक्ष नाही.' पालक पहाटेपासून फडात. एकदा वाटेत तो गाडीवर भेटला. मोळ्या किती, वजन अंदाजे किती, उचलीतले किती फिटले, सगळे त्याने तोंडी सांगितले.

२०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना परत मिळाली. महाराष्ट्राने ती २०२३ साली घेतली. त्या मुलाला कुठल्या गावच्या शाळेने कोणत्या वर्गात ठेवले असेल? हंगाम संपताच तो गेला. माझी नोंद रजिस्टरात आहे.