मुलाला विचारलं कोणी? वेब.कॉन्फिगच्या वारशाची गोष्ट

पांढरं पान, वर लाल अक्षरांत ‘सर्व्हर एरर’, खाली पिवळी चौकट. फोनवर एखादी जुनी सरकारी किंवा कॉलेजची साइट उघडताना हे कधीतरी पाहिलं असेल. आज त्यामागचं एक कारण सांगतो, आणि ते आहे वारसाहक्काचं.

सुरुवात १९९३ची, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातली. तिथल्या एनसीएसए संस्थेत रॉब मॅकूलने एक वेब सर्व्हर लिहिला. एकाच मशीनवर अनेकांची पानं. मग सोय अशी, की फोल्डरमध्ये ‘.एचटीॲक्सेस’ नावाची फाइल ठेवायची. तिचे नियम त्या फोल्डरला आणि त्याच्या पोटातल्या सगळ्या फोल्डरांना लागू. १९९५ साली आलेल्या अपाचीनेही हीच पद्धत पुढे चालवली.

२००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एएसपी.नेट आणलं. त्याआधी त्यांच्या आयआयएस सर्व्हरची सेटिंग्ज ‘मेटाबेस’ नावाच्या बायनरी साठ्यात असायची, नोटपॅडमध्ये उघडून वाचायची सोयच नाही. आता साधी वेब.कॉन्फिग फाइल आली. फोल्डर कॉपी केला की सेटिंग्जही सोबत. माझ्या मते हे खरंच छान काम होतं. सगळ्यात वर मशीन.कॉन्फिग, खाली साइटची फाइल, त्याखाली फोल्डरची.

पण घोळ इथेच झाला. समजा मुख्य साइट एका टीमची, आणि तिच्याच पत्त्याखाली ‘/ब्लॉग’ हे दुसऱ्याच टीमचं ॲप्लिकेशन. चालताना दोघं वेगळे, दोघांचे बिन फोल्डर वेगळे. कॉन्फिग मात्र ही भिंत मानतच नाही, ती फक्त पत्त्यातली उतरंड बघते. वरच्या टीमने एक मॉड्यूल नोंदवलं की ब्लॉगही ते शोधणार, पण स्वतःच्या बिनमध्ये. तिथे ते नाहीच! म्हणजे बापाचं कर्ज नावावर आलं, तिजोरीची किल्ली नाही. ब्लॉगवाल्यांनी एका अक्षराला हात लावलेला नसतो, तरी साइट आडवी. आणि एररमध्ये नाव अशा डीएलएलचं, जे त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. असा अख्खा दिवस स्वतःचाच कोड उकरणारी माणसं मी पाहिली आहेत.

ॲप्लिकेशन पूल वेगळा करा, असं कुणीतरी सुचवतंच. त्याने वारसा तुटत नाही. मुलाच्या फाइलमध्ये ‘रिमूव्ह’ किंवा ‘क्लिअर’ लिहिता येतं, पण ‘रिमूव्ह’ करायला वर काय काय लिहिलंय हे माहीत हवं ना! २००५च्या डॉटनेट २.०मध्ये ‘इनहेरिट इन चाइल्ड ॲप्लिकेशन्स’ ही सोय आली, तिला ‘फॉल्स’ म्हटलं की तेवढा भाग खाली उतरत नाही. गंमत बघा, ती लिहायची वरच्याच्या फाइलमध्ये. म्हणजे दुसऱ्या टीमला फोन करून विनंती करणं आलंच.

पुढे एएसपी.नेट कोअरने स्वतःची सेटिंग्ज ॲपच्या आतल्या जेसन फाइलमध्ये नेली. तरी आयआयएसवर चालवायचं तर छोटीशी वेब.कॉन्फिग लागतेच. आजचं एखादं कोअर ॲप पब्लिश करा आणि त्यात तयार झालेली ती फाइल उघडून बघा. ‘फॉल्स’वाली ओळ तिथे आधीच लिहिलेली सापडेल.