शारदा सदनातील उघडे दार

१८९३ साली पुण्यातील सुधारकवर्गात मोठी फूट पडली, ती एका खोलीच्या दारावरून. खोली पंडिता रमाबाईंची. रोज ठरावीक वेळी त्या आपली लहान मुलगी मनोरमा हिला जवळ घेऊन बायबलचे वाचन आणि प्रार्थना करीत. त्या वेळी दार उघडे असे. शारदा सदनातील काही विधवा मुली आपणहून तेथे येऊन बसू लागल्या. दार लावून घेण्यास रमाबाईंनी नकार दिला आणि सदनाच्या सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे बाहेर पडली.

एवढ्याशा गोष्टीवरून एवढे का घडावे, हे समजून घ्यायचे तर बरेच मागे जावे लागते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून स्वजनांचा रोष पत्करला. पुढे त्याच आईने पहाटेच्या वेळी रमाबाईंना संस्कृतचे पाठ दिले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणे सांगे. देवळात, नदीच्या घाटावर बसून पोथी वाचायची, ऐकणाऱ्यांनी फुले, तांदूळ, पैसा वाहायचा, त्यावर पोट भरायचे. म्हणजे रोजचे ग्रंथवाचन ही रमाबाईंना परकी गोष्ट कधीच नव्हती. ती त्यांची बाळघुटीच होती. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या संस्कृतातले काहीच कळत नसे, पोथी कानावर पडली की पुण्य लाभले असे मानले जाई, हेही त्यांनी लहानपणीच पाहिले. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार होती.

मद्रास इलाख्यातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या तरुणीची विद्वत्ता पाहून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच शहरात एका ख्रिस्ती मेळाव्याला बहीणभाऊ गेले असता मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून काही पुटपुटू लागली. हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे दोघांना वाटले! रमाबाईंनी ही आठवण पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. त्याच ठिकाणी त्यांना बायबलची संस्कृत प्रत भेट मिळाली. घरी नेऊन त्यांनी ती उघडली, पण भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेल्या या पंडितेला ते संस्कृत काही केल्या उमगेना. वेळ वाया घालविण्यासारखे पुस्तक, असा निकाल त्यांनी दिला. प्रत मात्र टाकून दिली नाही.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये तेही पटकीने गेले. आसामात सिल्चरला असताना घरातील पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची छोटी बंगाली पुस्तिका सापडली होती. ही त्यांना समजली. संस्कृत पंडितेपर्यंत बायबल पोहोचले ते देवभाषेतून नव्हे, तर नुकत्याच शिकलेल्या एका देशी भाषेतून, ही गंमत लक्षात ठेवावी.

वैद्यकीय शिक्षणासाठी १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील भगिनीसंघाकडे त्या राहिल्या. या भगिनींनी लंडनमध्ये ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांना समाजात पुन्हा उभे करण्याचे काम त्यांना नवे होते. या दयेचे मूळ कोठे, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

येथे बहुतेक चरित्रकथा थांबतात. खरा पेच येथूनच सुरू होतो. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात एक अत्यंत हट्टी वाचक दिसते. त्रैक्याचा सिद्धांत चर्च सांगते म्हणून का मानावा? आपण ग्रंथ वाचावा, प्रार्थना करावी आणि जे सत्य वाटेल ते धरावे, असा त्यांचा आग्रह. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने उतरविल्यावर बिशपांचे तसलेच जोखड मानेवर घेणार नाही, हे त्यांनी स्पष्टपणे कळविले. रोजचे वाचन त्यांच्यासाठी आज्ञापालनाचे साधन नव्हते. कोणाची आज्ञा पाळायची आणि कोणाची नाही, हे ठरविण्याचे ते साधन होते.

मग अमेरिका, आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ, १८८७ मधील ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ आणि बोस्टनमध्ये स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन. तिच्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. अट स्पष्ट होती: येथे कोणताही धर्म शिकविला जाणार नाही, प्रत्येकीला आपापला आचार पाळता येईल. रमाबाईंचे म्हणणे असे की ‘प्रत्येकी’मध्ये त्या स्वतःही आल्या. तुळशीला पाणी घालणाऱ्या मुलीला कोणी अडवीत नाही, तर बाईंनीच आपली प्रार्थना कोंडून का घ्यावी?

विरोधकांचा आक्षेप मात्र पोकळ नव्हता. ‘केसरी’ची भाषा जहाल होती, पण मुद्दा खरा होता. आप्तांनी हिणविलेली, केशवपनाच्या भीतीतून सुटलेली कोवळी मुलगी, तिच्याशी आयुष्यात प्रथमच मायेने बोलणारी बाई, आणि त्या बाईंचे उघडे दार. याला केवळ ‘स्वेच्छा’ म्हणता येईल काय? पालकांनी धर्मनिरपेक्षतेच्या वचनावर विश्वास ठेवला होता. रानड्यांसारख्या सुहृदांनाही ते वचन शब्दांत पाळले गेले, भावार्थाने नाही, असे वाटले. अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेले. बोस्टनचे मंडळ रमाबाईंच्या पाठीशी राहिले आणि सदन टिकले. पुण्याचा विश्वास मात्र परत आला नाही.

त्याच १८९३ मध्ये सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी असलेल्या विधवा गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्या हिंदूच राहिल्या. काही मुली ख्रिस्ती झाल्या, काही झाल्या नाहीत. दोन्ही पक्षांना आपापला पुरावा एकाच घरात सापडत होता.

नंतरच्या दुष्काळांनी प्रश्नाचे स्वरूपच पालटले. १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली रमाबाईंनी केडगावला आणल्या. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते. येथे कोणाला वचन दिलेले नव्हते. प्रार्थना, शाळा, शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना असा दिवस चाले. १९०५ मध्ये तेथे सामूहिक प्रार्थनेची एक लाट उसळली. तिच्याविषयी भाविकांनी पुष्कळ लिहिले आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्याहून मोलाचे काम छापखान्याशेजारी चालले होते.

मराठीत बायबल नव्हते असे नाही. श्रीरामपूरच्या कॅरींनी नवा करार १८११ मध्येच मोडी लिपीत छापला होता आणि संपूर्ण बायबल १८४७ पासून उपलब्ध होते. पण त्यातील भाषा पंडिती, संस्कृतप्रचुर. केडगावच्या मुली मात्र खेड्यापाड्यांतल्या, आणि कित्येकींची मराठी ही मातृभाषाही नव्हती. त्यांना रोज वाचायला सांगायचे आणि शब्द मात्र न कळणारे द्यायचे, म्हणजे घाटावरच्या त्या पुराणासारखेच झाले असते. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून घेतल्या आणि साध्या मराठीत स्वतंत्र भाषांतर हाती घेतले. संस्कृतावर अधिकार असलेल्या बाईने जाणूनबुजून संस्कृत शब्द गाळले. सदनातील बायकाच खिळे जुळवीत, छापीत, बांधणी करीत.

हे काम दीड दशकाहून अधिक चालले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. बहिरेपण वाढलेले, शरीर थकलेले, तरी रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या आणि काम हातावेगळे झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला. कलकत्त्यात मिळालेली ती न समजलेली संस्कृत प्रत आपण कधीही दूर केली नाही, असे रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात नमूद केले आहे.