मांजर असं विचित्र का वागतं? घरातल्या मनीमाऊच्या 'नखऱ्यां'मागची खरी कारणं

पहाटेचे साडेचार वाजलेत, घर गाढ झोपेत आहे. तेवढ्यात हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत कुणीतरी सुसाट पळत सुटतं. ओट्यावरचा स्टीलचा पेला खणखणत खाली येतो. दिवा लावून पाहावं, तर मनी शांतपणे पंजा चाटत बसलेली, जणू काही झालंच नाही!

ज्यांच्या घरी मांजर आहे, त्यांना हा प्रसंग नवा नाही. 'आमची मनी जरा वेडीच आहे' असं म्हणून लोक हसतात, व्हिडिओ टाकतात आणि विसरून जातात. पण या वेडेपणामागे बहुतेक वेळा कारण असतं. ते ओळखता आलं, तर कधीकधी मांजराचा जीवही वाचू शकतो.

मांजर माणसाकडे आलं कसं?

आजची पाळीव मांजरं आफ्रिकी रानमांजराच्या वंशातली आहेत. साधारण 10 हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात शेती सुरू झाली. धान्य साठवलं जाऊ लागलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजरं. सायप्रस बेटावर सुमारे 9,500 वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. म्हणजे ही मैत्री तेव्हापासूनची.

कुत्र्यांना माणसाने राखणीसाठी, शिकारीसाठी पिढ्यान्‌पिढ्या घडवलं. मांजराच्या बाबतीत तसं फारसं झालं नाही. म्हणूनच सोफ्यावर लोळणाऱ्या मनीच्या आत आजही एकट्याने शिकार करणारा प्राणी शाबूत आहे.

पहाटेची धावपळ

मांजर दिवसातले 12 ते 16 तास झोपतं. पण पहाटे आणि तिन्हीसांजेला ते सगळ्यात जास्त सावध असतं, कारण शिकारीची वेळ तीच. घरात शिकार नसते, मग साठलेली ताकद पळापळीत जाते. टेबलावरची वस्तू पंजाने ढकलून पाहणं हाही त्याच वृत्तीचा भाग. आणि पेला पडला की घरातलं माणूस धावत येतं, हे एकदा कळलं की पेला पुन्हा पडतो!

यावर उपाय सोपा आहे. रात्री झोपण्यापूर्वी 10-15 मिनिटं दोरी किंवा चेंडूने खेळवा आणि मग खायला द्या. पोट भरलेलं, दमलेलं मांजर बऱ्यापैकी शांत झोपतं.

'म्याँव' खास माणसांसाठी

पिल्लं आईला हाक मारायला म्याँव करतात, पण मोठी मांजरं एकमेकांशी बोलताना हा आवाज फारच कमी वापरतात. माणसाकडून खाणं, दार उघडणं किंवा लक्ष हवं असलं की मात्र तो हमखास निघतो.

हाक मारल्यावर मांजर ढुंकूनही बघत नाही, ही तक्रार तर घरोघरी. 2019 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं, की मांजरांना स्वतःचं नाव इतर शब्दांपासून वेगळं ओळखता येतं. म्हणजे ऐकू येतं, कळतंही. यायचं की नाही, ते मात्र तिच्या मर्जीवर!

ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. माणसाने मांजराकडे बघत डोळे हळूच बारीक करून मिटले, तर मांजरही तसंच उत्तर देण्याची शक्यता वाढते. घरी करून बघायला हरकत नाही.

मांडीवर कणीक तिंबणं आणि खोक्यात बसणं

दूध पिताना पिल्लू आईच्या पोटावर पंजे दाबतं. मोठेपणी मऊ मांडी किंवा गोधडी मिळाली की हीच सवय परत येते. पायाला गाल घासणं म्हणजे मात्र फक्त लाड नव्हे. मांजराच्या गालांवर गंधग्रंथी असतात, त्यामुळे घासताना ते 'हे माणूस आपलं' अशी खूण करून ठेवतं. महागडं अंथरूण सोडून रिकाम्या खोक्यात शिरण्याचं कारण आहे सुरक्षितता. तीन बाजूंनी आडोसा असला की मागून कुणी येण्याची भीती राहत नाही. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं असं आपल्याकडे म्हणतात, त्यामागेही सुरक्षित जागेचा हाच शोध असतो.

दूध-पोळी का पुरत नाही?

आपल्याकडे मांजर म्हटलं की वाटीत दूध-पोळी कुस्करायची, हे ठरलेलं. पण मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. 'टॉरिन' हा घटक त्याचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही. तो मांस-मासळीतूनच मिळतो. टॉरिन कमी पडलं तर दृष्टी जाऊ शकते, हृदय कमजोर होतं. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. नुसतं उकडलेलं चिकनही पूर्ण आहार नाही. घरात मांसाहार होत नसेल, तर मांजरांसाठीचं तयार खाद्य हा सोयीचा मार्ग.

सवय बदलली, तर सावध व्हा

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. मांजर दुखणं लपवतं. रानात आजारी दिसणं म्हणजे दुसऱ्याची शिकार होणं, म्हणून ही सवय. ते घुरघुर करतंय म्हणजे सुखात आहे असंही नाही; वेदना होत असतानाही मांजर घुरघुरतं. म्हणून त्याच्या रोजच्या सवयींवर लक्ष ठेवा. पुढच्या गोष्टी दिसल्या तर थांबू नका:

- बोका वारंवार वाळूत बसतोय, ओरडतोय, पण लघवी होत नाही. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.
- 24 तास काहीच खाल्लं नाही. उपाशी राहिल्यास मांजराच्या यकृतावर लवकर परिणाम होतो, जाड मांजरांच्या तर जास्तच.
- रोज उडी मारून चढणारं मांजर कपाटावर चढेनासं झालं, किंवा अंग चाटणं सोडून दिलं.
- एरवी अंगाशी येणारं मांजर पलंगाखाली लपून बसलं.

आणि कितीही काळजी वाटली, तरी घरातली औषधं देऊ नका. माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. लिलीची फुलं असलेला गुच्छही घरात नको. तिचे परागकण नुसते अंगावरून चाटले गेले, तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

म्हणजे पहाटे साडेचारला पेला पडला, तर चिडण्याआधी एवढं लक्षात घ्या: मनी ठणठणीत आहे. काळजी करायची ती रोज पडणारा पेला अचानक पडेनासा झाला, की.