डिस्पोजलची जीप आणि आरसी बुक

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने निकालात काढलेल्या मालाला बाजारात ‘डिस्पोजल’ हे नाव पडले, आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचत असल्याने चिखलात किंवा चढणीवर सहसा न अडणारी विलीस जीप याच वाटेने अनेक खासगी मालकांच्या हाती आली. 1947 मध्ये मुंबईत सुटे भाग आणून तिची जोडणी सुरू झाली. हे काम करणारी कंपनी पुढच्याच वर्षी महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखली जाऊ लागली. युद्धकाळातील जीपला बाजार ‘लो बोनेट’ म्हणतो, तर नंतरच्या सीजे-3बी या जातीला ‘हाय बोनेट’. नव्या हरिकेन इंजिनाची उंची वाढल्यामुळे त्यावरचे झाकणही उंचावावे लागले, एवढेच या नावांमागचे कारण आहे.

या गाडीची मूळ रचना अनेक दशके फारशी बदलली नाही, त्यामुळे एका जीपचा भाग दुसरीला थोड्या खटपटीने बसे, आणि जुन्या गाडीची विक्री व तिची फेररचना हे दोन धंदे हळूहळू एकच झाले. पेट्रोलचा खर्च परवडेना तेव्हा डिझेल इंजिन चढवणे, रुंद टायर घालणे, सांगाडा नव्याने बांधणे ही कामे गॅरेजांतून होऊ लागली. हरयाणा-पंजाबच्या सीमेवरील मंडी डबवाली हे गाव तर लष्करी लिलावातील मालातून जीप घडवण्यासाठीच नावाजले. विकणाऱ्याच्या तोंडी असा प्रत्येक बदल गाडीचा गुणच असे, आणि कारागिरीच्या दृष्टीने तो दावा पुष्कळदा खराही असे.

कायद्याची दृष्टी मात्र वेगळी होती. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीने फेरफार करता येत असे. 2000 च्या दुरुस्तीने मात्र उत्पादकाने ठरवलेला मूळ तपशील हीच कसोटी ठरवली, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ कायम केला. इंधनबदलाच्या मान्यताप्राप्त संचासारखे मोजके अपवाद तेवढे उरले. मालकी हस्तांतरणासाठी भरायच्या 29 व 30 क्रमांकाच्या नमुन्यांपूर्वी जाणता ग्राहक आता बोनेट उघडून, इंजिनावर व चेसिसवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर, कोरलेले आकडे आरसी बुकाशी ताडून पाहतो. निगुतीने राखलेली, पण नोंद नसलेले इंजिन बसवलेली जीप तेथेच अडते.